मूठभर कोंड्याला विकलेली लेक

माझी लेक बारा दिवसांची असताना मी ती एका धनगरणीला विकली. मूठभर कोंड्याला विकली, आणि तो कोंडाही आमच्याच घरातला होता. आता हे कुणाला सांगितलं की ऐकणारा आधी दचकतो आणि मग हसतो. हसायला माझी हरकत नाही. ती माझी पहिली असती तर मीही हसले असते. पण तिच्याआधी माझी दोन लेकरं गेली होती, एक सव्वा महिन्याचं आणि एक सात महिन्यांचं.

आमचं गाव हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, वरंध घाटाकडं जाताना लागतं. ओढ्याकाठी भाताची चार खाचरं आणि वर उतारावर नाचणी, वरई. मी मूळची नसरापूरची. वडिलांना हौस, म्हणून मी मराठी चौथीपर्यंत शाळेत गेले होते. सासरच्या गावात वाचता येणारी बाई मीच एकटी, आणि त्याचा मला चांगलाच ताठा होता. तिसऱ्या वेळी मला पाचवा महिना लागला तेव्हा लढाई जोरात सुरू होती आणि घरधनी पलटणीत भरती होऊन निघून गेले. घरात उरलो मी आणि माझी सासू. त्यांना मी आत्याबाई म्हणायची.

ज्या घरात लेकरं टिकत नाहीत तिथं आमच्याकडं एक रीत होती. नवं मूल सुपात घालून परड्यातल्या उकिरड्यावर ठेवायचं. दुसऱ्या घरच्या बाईनं ते उचलायचं, आईच्या ओटीत मूठभर कोंडा टाकायचा, की मूल त्या बाईचं झालं. मरण दारात आलंच तर त्याला वाटावं, या घरात न्यावं असं काही नाही. मूल आईपाशीच राहायचं, दूध तिचंच प्यायचं, पण पाच वर्षं तिनं चारचौघांत त्याला 'माझं' म्हणायचं नाही. पाच वर्षं सरली की चोळी-बांगडी देऊन परत विकत घ्यायचं.

पहिल्या दोन वेळी मी या रीतीला हसले होते. चौथी शिकलेली ना मी! तिसऱ्या वेळी मात्र मीच म्हटलं, "आत्याबाई, सूप काढा."

आत्याबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांचा दागिनाच मागितला होता. "पोरीसाठी कुनी सूप काडतं का? ल्योक असता तर गोष्ट येगळी हुती. गाव हसंल."

"हसू दे. मला ही जगायला पाहिजे."

"आता कुठं गेली तुजी साळा?"

 मी स्वतः उठले, सूप घेतलं, त्यात जुनेराची घडी टाकली आणि पोर उकिरड्यावर नेऊन ठेवली. पण उचलायला कोण येणार? शेजारणींनी दारं लोटून घेतली होती. मुलीसाठी हे करायचं म्हणजे त्यांना चेष्टाच वाटत होती, आणि वर पोर दगावली तर बोल आपल्यावर, अशी पाच वर्षांची जोखीम कोण घेणार? मी परड्यात उभी, पोर सुपात रडतेय. अशा वेळी डोंगरावरच्या धनगरवाड्यातली धनगरीण लोण्याचं मडकं डोक्यावर घेऊन पायवाटेनं खाली आली. ती दर आठवड्याला भोरच्या बाजाराला जायची आणि जाताना आमच्याकडं पाणी प्यायची. वय पन्नाशीच्या आतबाहेर, चार थोरले मुलगे, लेक एकही नाही. गावातल्या सगळ्या बायका तिला आक्का म्हणायच्या.

तिनं मडकं खाली ठेवलं, सुपात वाकून बघितलं आणि मला विचारलं, "इकायची का?"

मी होकाराची मान हलवली. ती सरळ आमच्या घरात शिरली, कणगीमागच्या टोपल्यातून कोंडा घेतला आणि माझ्या ओटीत टाकला. आत्याबाई दारातून ओरडल्या, "आवं, कोंडाबी आमचाच व्हय!"

"मंग काय बाजारातनं आनू?" आक्का म्हणाली. तिनं पोर उचलली, तिच्या कपाळाला कपाळ लावलं आणि माझ्याकडं दिली. "ही माजी पोर हाय. नीट सांबाळ गं बाय. दूद पाज, आंगूळ घाल, आन् कुनी इचारलं तर म्हन, धनगरनीची हाय." नावही तिनंच ठेवलं. मग मडकं उचलून ती बाजाराला गेली.

मला त्या दिवशी तिचा थोडा रागच आला. सोंग करायला बोलावलं होतं, आणि ही तर खरंच मालकीण झाल्यासारखी बोलून गेली.

पण ती बोलली तशीच वागली. दर आठवड्याला बाजाराला जाताना थांबायची, पोरीचे हातपाय चाचपून बघायची, मला चार गोष्टी सुनवायची आणि बोटभर लोणी पोरीच्या टाळूला लावून जायची. पोरगी सव्वा महिन्याची झाली, तेव्हा मी दिवसभर तिला खाली ठेवली नाही. सात महिन्यांची झाली, तेव्हाही नाही. त्यानंतर माझ्या पोटातली भीती थोडी सैल पडली. 'धनगरणीची' हा शब्द मात्र माझ्या जिभेवर पक्का बसला. कुणी विचारायच्या आधीच मी तो बोलून टाकायची.

त्या शब्दानंच माझा घात केला.

त्या वर्षी धान्याची ओढ होती. लढाईमुळं बाहेरून तांदूळ येईना, आणि आमचं पिकलं होतं त्यातलंही सरकारात गेलं. पावसाळ्याच्या तोंडावर गावात कारकून आला. प्रत्येक घरात खाणारी तोंडं किती ते लिहून घ्यायचं आणि तेवढ्या धान्याची चिठ्ठी द्यायची, असं काम होतं. चावडीपुढं अर्धं गाव जमलेलं. माझा नंबर आला तेव्हा दीड वर्षाची पोर माझ्या कडेवर होती.

"घरात माणसं किती?"

"मी आणि सासू. मालक लढाईवर आहेत."

"आणि ही कुणाची?"

भोवती चार नाही, चाळीस जण उभे होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "धनगरणीची."

कारकून भला माणूस होता, पण परका. त्याला आमची रीत काय ठाऊक? त्यानं मान डोलावली, लिहिलं आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. ती वाचता येणारी बाई त्या गर्दीत मीच एकटी. चिठ्ठीवर लिहिलं होतं: मोठी माणसं दोन, मूल नाही.

मूल नाही. आणि मूल माझ्या कडेवर बसून ती चिठ्ठी ओढत होतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. 'साहेब, चुकलं, ही माझी आहे', एवढे पाच शब्द. पण ते चाळीस जणांपुढं बोलायचे होते, आणि मला ती दोन गेलेली लेकरं आठवली. मी तोंड मिटून बाजूला झाले. शिकलेल्या बाईनं असं करावं, याची लाज मला आजही वाटते. मनाशी म्हटलं, एवढ्याशा जिवाला असं किती लागतं, माझ्या घासातला घास देईन. दोन दिवसांनी एकटीनं जाऊन चूक सांगायची म्हणून हिर्डोशीपर्यंत चालत गेले, तर कारकून पुढच्या गावांना निघून गेलेला. नवी यादी दिवाळीनंतर, असं कळलं.

आषाढ लागला तशी कणगी तळाला गेली. चिठ्ठीवर मिळणारं धान्य आठवड्यातल्या चार दिवसांना पुरायचं. उरलेले दिवस आम्ही टाकळ्याची, कुर्डूची भाजी उकडून खायचो, वर पाणी प्यायचो. मी माझी भाकर पोरीला कुस्करून द्यायची आणि आत्याबाई त्यांच्यातली अर्धी मला बघू न देता माझ्या ताटात सरकवायच्या. तरी माझं दूध आटलं. पोरीला ताप येऊ लागला. तिचं पोट पुढं आलं, पायांच्या काड्या झाल्या, आणि एक दिवस ती रडायचीही थांबली. रडणाऱ्या पोराची मला कधी भीती वाटली नव्हती. न रडणारं पोर मी आधी दोनदा बघितलं होतं.

पावसामुळं आक्काचं बाजाराला जाणं महिनाभर बंद होतं. त्या दिवशी ती घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन ओढा ओलांडून आली. पोरीकडं बघितलं आणि तिचा चेहराच बदलला.

"हे काय केलंस?"

मी चिठ्ठीची सगळी हकिकत सांगितली. मला वाटलं, ती माझ्या डोक्यावरून हात फिरवील. कसलं काय! ती माझ्यावर अशी उखडली की घरावरचा पाऊस ऐकू येईना.

"म्या इकत घेतलेली पोर हाय ही. तुला सांबाळाया दिली हुती. तुज्याच्यानं व्हत न्हाई, म्या घिऊन जाते वर. माज्याकडं धान्य न्हाई, पर दोन शेळ्या दुबत्या हायती."

"अहो आक्का, माझी पोर…" माझ्या तोंडून निघालंच.

"तुजी न्हाई!" ती ओरडली, आणि घाबरून दाराकडं बघितलं. तेव्हा मला कळलं की तिच्यासाठी हे सोंग कधीच नव्हतं.

पण मी पोर देईना. आवणाचे दिवस होते, खाचरात रोपं लावायची होती, दोन बायांवर सगळी शेती. मी वर जाऊन राहू शकत नव्हते. आणि दिली, तर वर तिला काय झालं ते मला कळायचंसुद्धा नाही. वरची वाट चांगली दीड तासाची, पावसात त्याहून जास्त. मी पोर छातीशी धरून बसून राहिले. आक्काही बसून राहिली. शेवटी उठल्या आत्याबाई. मुलीसाठी सूप काढायला नको म्हणणाऱ्या त्याच आत्याबाई. त्यांनी पोरीची दोन झबली आणि स्वतःची एकुलती धड चादर गाठोड्यात बांधली, आक्काच्या पुढ्यात ठेवली आणि मला म्हणाल्या, "दे. हितं ठिऊन मारशील."

मी दिली. लोक म्हणतात आईला बळ येतं. मला त्या वेळी कसलंही बळ आलं नव्हतं. माझे हात आत्याबाईंनी सोडवले, हे खरं.

त्यानंतरचे चार महिने मी चिखलात वाकून आणि मान वर करून काढले. आमच्या खाचरातून धनगरांच्या खोपटाचं टोक दिसायचं, पण ढग उतरला की काही दिसत नसे. ढग उठला आणि वरून धूर निघताना दिसला की मला वाटायचं, चूल पेटलीय, म्हणजे दूध तापतंय, म्हणजे पिणारी आहे. याला काही अर्थ नव्हता, खोपटात आणखी सहा माणसं होती. पण मी त्या धुरावर दिवस ढकलले. ज्या दिवशी धूर दिसायचा त्या दिवशी माझा हात लावणीला झरझर चालायचा, आणि आत्याबाई म्हणायच्या, "आज लई उरक आलाय!" मग त्याही वर बघायच्या.

दर आठ-दहा दिवसांनी मी इरलं पाठीवर घेऊन वर जायची. पहिल्या खेपेला पोर घोंगडीत पडून होती, पण मला बघून रडली. मोठ्यानं रडली. त्या रडण्यानं मला केवढा धीर आला! दुसऱ्या खेपेला ती बसली होती आणि ओठावर दुधाची साय होती. तिसऱ्या खेपेला मी निघाले तेव्हा माझ्या लुगड्याला धरून ओरडली. चौथ्या खेपेला ओरडली नाही. पाचव्या खेपेला मी गेले तेव्हा ती कोकराच्या मागं धावत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि आक्काला विचारलं, "कोन?"

"बाय हाय ती," आक्का म्हणाली. ती मला बाय म्हणायची, तसंच तिनं सांगितलं, दुसरं काही तिच्या मनात नव्हतं. पोर "बाय" म्हणाली आणि पुन्हा कोकराच्या मागं गेली. उतरताना मी वाटेत एका दगडावर बसून रडले. पोर वाचली म्हणूनही रडले, आणि दुसऱ्याही कारणानं रडले. ते कारण मला तेव्हा कबूल करवत नव्हतं. मला आक्काचा हेवा वाटत होता.

दिवाळी झाली. कारकून पुन्हा आला. या वेळी मी चावडीच्या मागं त्याला एकट्याला गाठलं आणि हळूच सांगितलं, "मूल एक." त्यानं का म्हणून विचारलं नाही. नाचणी पिकून उभी होती, घरात खायला येणार होतं. दुसऱ्याच दिवशी मी पोरीला आणायला वर गेले.

ती येईना. आक्काच्या लुगड्यामागं लपली, मी पुढं झाले तर पलीकडून पळाली. मी गोड बोलले, चिडले, पुन्हा गोड बोलले. आक्का बघत होती. मग ती पोरीपुढं बसली, तिचे दोन्ही हात धरून अंगापासून लांब केले आणि कठोर आवाजात म्हणाली, "जा. तू माजी न्हाईस. उकिरड्यावर गावली हुतीस मला. जा हिच्या संगं." आणि पाठ फिरवून खोपटात गेली.

दोन वर्षांच्या पोरीला उकिरडा काय कळणार? पण आवाज कळला. ती थिजून उभी राहिली. मी तिला उचलली आणि चालायला लागले. पहिल्या वळणापर्यंत ती गप्प होती. मग तिनं जो टाहो फोडला, "आई! आई! आई!" माझ्या खांद्यावरून वर बघून, दोन्ही हात वर पसरून. हा शब्द ऐकायला मी किती वर्षं आसुसले होते ते माझं मलाच ठाऊक. त्या उतारावर तो मला शंभरदा ऐकायला मिळाला, आणि एकदाही माझ्यासाठी नव्हता.

निम्मी वाट उतरले आणि माझे पाय थांबले. मी मनाशी म्हटलं, तू हिला जगवायला दिली होतीस, ती जगली. आता असं ओढून नेऊन तू काय मिळवणार आहेस? मी वळले आणि परत वर चढले.

आक्का खोपटात नव्हती. मागच्या बाजूला, शेळ्यांच्या कुडाला टेकून, तोंडात पदर कोंबून बसली होती. मी पोर खाली सोडली. ती धावत तिच्या मांडीत शिरली. आक्काला तिला ढकलायचं होतं, पण ढकलवेना.

मी म्हटलं, "आक्का, पोर तुमचीच हाय अजून. म्या आठ दिस हितं ऱ्हाते. ती येईल तवा येईल."

"आन् तुजी नाचनी?"

"आत्याबाई हायती."

आत्याबाईंनी एकटीनं निम्मं शेत कापलं. मला त्या काही बोलल्या नाहीत. गावभर बोलल्या.

वर मी शेण काढलं, शेळ्या राखल्या, ताक घुसळलं. पोरीच्या मागं मागं केलं नाही, नुसती तिच्या आसपास राहिले. ती लांबून मला बघायची. सहाव्या दिवशी तिच्या पायात करवंदीचा काटा मोडला. आक्का पलीकडं शेळीची धार काढत होती. पोर लंगडत मधे उभी राहिली, एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि माझ्यापाशी आली. मी जवळ होते म्हणून आली, उगाच दुसरं सांगत नाही. पाय माझ्या मांडीवर टाकून म्हणाली, "बाय, काटा."

मी सुईनं काटा काढला. काट्यापेक्षा सुईच जास्त टोचली असेल. ती ओरडली, पण उठून गेली नाही. आठव्या दिवशी आम्ही तिघी मिळूनच खाली उतरलो. आक्का दोन दिवस आमच्याकडं राहिली, आणि तिसऱ्या दिवशी पोर खेळत असताना न सांगता निघून गेली.

पाच वर्षं सरली तेव्हा मी चोळी-बांगडी देऊन पोर परत विकत घेतली. त्याच सुमारास घरधनी लढाईवरून सुखरूप परत आले. लेक आक्काला आई म्हणते आणि मला बाय, हे त्यांना काही केल्या पचेना. अंगणात तिला मांडीवर घेऊन शिकवायला बसले, "ही बाय न्हाई, ही तुजी आई. म्हन, आई." पोर गोंधळून माझ्याकडं बघायला लागली.

मी म्हटलं, "राहू द्या. तो शब्द जिनं तिला जगवलं तिला गेलाय, तो काढून घेऊ नका."

"आन् तुला वाईट न्हाई वाटत?"

वाटत होतं. खोटं कशाला बोलू? पण माझी आधीची दोन लेकरं बोलायच्या आत गेली. त्यांनी मला कुठल्याच नावानं हाक मारली नाही. ही दिवसातून पन्नास वेळा दारातून ओरडायची, "बाय, भूक लागली!" आणि मी हातातलं काम टाकून ओ द्यायची.